चाड्यावरची मूठ

ज्वारी पेरण्याचे आपले जुने अवजार म्हणजे तिफण. बैलजोडीमागे तीन दात्यांचे एक आडवे लाकूड असते आणि त्यावर मधोमध चाडे उभे केलेले असते. चाडे म्हणजे एक लाकडी वाडगेच. त्याच्या बुडाशी तीन भोके असतात. प्रत्येक भोकातून एक पोकळ नळी निघते आणि एकेका दात्यामागे जमिनीत पोहोचते. एक माणूस बैल हाकतो. दुसरे माणूस ओटीत बियाणे घेऊन तिफणीमागून चालते आणि मुठीतून बी चाड्यात सोडत राहते. तास संपेपर्यंत ही धार तुटू द्यायची नाही आणि जाडही होऊ द्यायची नाही. 'चाड्यावर मूठ धरणे' याचा अर्थच मराठीत पेरणी करणे असा होऊन बसला आहे. मराठवाड्यात आणि खानदेशात पुष्कळ घरांतून ही मूठ बाईची असे.

विद्यार्थिमित्रांनो, या मुठीचा थोडा हिशेब करून पाहू. रब्बी ज्वारीचे बियाणे हेक्टरी सुमारे १० किलो लागते. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा एका चौरस मीटरला १ ग्रॅम बी पडले पाहिजे. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर धरले तर तीन दात्यांची तिफण एका वेळी १.३५ मीटर रुंदीचा पट्टा पेरते. बैल पेरणीत ताशी अडीच किलोमीटरच्या बेताने, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.७ मीटर चालतात. म्हणजे दर सेकंदाला ०.९५ चौरस मीटर जमीन पेरली जाते आणि मुठीतून ०.९५ ग्रॅम बी सुटावे लागते. ज्वारीचे हजार दाणे सुमारे ३० ग्रॅम भरतात. यावरून मूठ दर सेकंदाला ३१ ते ३२ दाणे सोडते असे उत्तर येते. तीन नळ्यांत ते वाटले गेले की प्रत्येक ओळीत सुमारे ७ सेंटिमीटरवर एक दाणा पडतो. पुढे विरळणी करून दोन रोपांतले अंतर १५ सेंटिमीटर केले जाते.

हे सगळे चालता चालता, ढेकळांवरून पाय सावरत, दिवसभर करायचे. धार जाड झाली तर रोपे दाटतात आणि ओलाव्यासाठी एकमेकांशी झगडतात. रब्बीत पाऊस नसतो. जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पीक काढायचे असते. धार बारीक झाली तर ओळीत तुटाळे पडतात. थोडक्यात, हंगामाचे अर्धे भवितव्य त्या बोटांच्या फटीतून जाते. कारखान्यात असे काम करणाऱ्याला आपण कुशल कारागीर म्हटले असते. शेतात त्याला 'हाताखालचे काम' म्हणण्याची रीत आहे.

हल्ली बहुतेक शिवारांत ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र आले आहे. त्यात खाचा पाडलेली रुळे फिरतात आणि बी मोजून सोडतात. बोटांचे काम दातेरी चाकांकडे गेले. यंत्र आले ते बहुधा पुरुषाच्या हाती आले. खुरपे मात्र पूर्वी ज्या हातात होते त्याच हातात राहिले.

'शेतकरी' म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? डोक्याला पटका, खांद्यावर आसूड किंवा नांगर असा एक पुरुष. जुन्या पाठ्यपुस्तकांतून हेच चित्र असे. भाषाही त्याला साथ देते. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, तशी शेतकरीण म्हणजे शेतकऱ्याची बायको असे आपण सहज धरून चालतो. ती स्वतः शेती करते म्हणून शेतकरीण, हा अर्थ ओढून आणावा लागतो.

आता सोयगावकडे वळू. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद, जिल्ह्याच्या ईशान्य टोकाचा हा तालुका. अजिंठ्याची जगप्रसिद्ध लेणी याच तालुक्यात येतात. जिल्ह्याचा बहुतेक भाग गोदावरीच्या खोऱ्यात आहे, पण सोयगाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेला, घाटाखाली वसले आहे. वाघूरसारख्या नद्यांतून इथले पाणी तापीकडे जाते. त्यामुळे जिल्हा मराठवाड्याचा असला तरी इथल्या शिवाराला आणि बोलीला खानदेशी वळण आहे. पिके म्हणजे कापूस, मका, ज्वारी, बाजरी, आणि त्यांच्या जोडीला तूर, उडीद, मूग.

शेजारच्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) सर्वांना ठाऊक आहेत, पण कवयित्री म्हणून. तरुणपणीच वैधव्य आल्यावर मुलांना वाढवीत त्या शेतात राबल्या, हे आपण त्यांच्या चरित्रातले एक दुःखद वाक्य म्हणून वाचतो आणि पुढे जातो. वास्तविक तो त्यांचा व्यवसाय होता.

अशी घरे या टापूत आजही आहेत. कुठे घरधनी वारला आहे, कुठे तो कामधंद्यासाठी शहरात गेला आहे, कुठे तो घरीच आहे पण शेतीचे सूत्र बायकोच्या किंवा आईच्या हाती आहे. अशा घरात वर्षाचा पहिला मोठा निर्णय म्हणजे कोणत्या तुकड्यात कापूस आणि कोणत्यात धान्य. कापसाचे पैसे एकदम हाती येतात. पण बियाणे, खत, फवारणी यांचा खर्चही आधी करावा लागतो, आणि भाव पडला तर कापूस शिजवून खाता येत नाही. ज्वारीचे तसे नाही. दाणा माणसांना आणि कडबा जनावरांना. दारी एखादी म्हैस असली तर कडब्याच्या पेंढीचे दुधात रूपांतर होते आणि शेणाचे खतात. जी बाई रोज भाकरी थापते आणि गोठाही पाहते, तिला हा हिशेब कागदावर मांडावा लागत नाही. सर्वच घरांत बायकांचे मत धान्याच्या बाजूने पडते असे नव्हे. ज्यांच्याकडे विहिरीला पाणी आहे त्या कापूस आणि मक्यालाही हिरिरीने हात घालतात.

बायकांनी शेती चालवू नये, यासाठी जी कारणे सांगितली जातात त्यांत पहिले असते अंगबळाचे. या बाबतीत एक मौजेचे संशोधन २०१७ साली 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हाडावर वारंवार जोर पडला तर ते हळूहळू अधिक मजबूत होते, हा नियम वैद्यकात चांगला परिचित आहे. केंब्रिज विद्यापीठातील अ‍ॅलिसन मॅकिंटॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य युरोपातील प्राचीन शेतकरी स्त्रियांच्या दंडाची हाडे तपासली. सुमारे ७,००० वर्षांपूर्वी तिथे शेती नुकतीच रुजत होती. या हाडांची तुलना त्यांनी आजच्या विद्यार्थिनींशी आणि शर्यतीत नाव वल्हवणाऱ्या खेळाडू मुलींशी केली. त्या प्राचीन स्त्रियांची दंडाची हाडे शरीराच्या मानाने वल्हवणाऱ्या खेळाडूंपेक्षाही ११ ते १६ टक्के, आणि खेळाडू नसलेल्या विद्यार्थिनींपेक्षा सुमारे ३० टक्के बळकट निघाली. मशागत, कापणी आणि विशेषतः धान्य दळणे ही त्याची कारणे असावीत असे संशोधकांचे म्हणणे आहे. तेव्हा फिरते जाते नव्हते. पाट्या-वरवंट्यासारख्या दगडांवर दाणे पुढे-मागे रगडून पीठ करीत. तात्पर्य, शेतीच्या पहिल्या काही हजार वर्षांत कष्टाच्या कामांत बायका मागे नव्हत्या. याची साक्ष हाडांनी दिली आहे.

मग शेतकरी म्हणजे पुरुष, हे चित्र आले कुठून? डेन्मार्कच्या अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसेरुप यांनी १९७० साली एक उपपत्ती मांडली. जिथे कुदळीने जमीन उकरून शेती होते, उदाहरणार्थ आफ्रिकेच्या मोठ्या भागात, तिथे शेती मुख्यतः बायका करतात. जिथे नांगर आला तिथे शेती पुरुषाकडे गेली. नांगर जमिनीत दाबून धरायला आणि बैल आवरायला जोर लागतो, आणि तान्ह्या मुलाला जवळ घेऊन ते काम करता येत नाही. पुढे २०१३ साली आलेसिना, जुलियानो आणि नन या तिघांनी जगभरची आकडेवारी घेऊन ही कल्पना ताडून पाहिली. ज्या समाजांचे पूर्वज नांगर वापरीत, त्या समाजांत आजही घराबाहेर काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कमी आढळले. इतकेच नव्हे, तर त्या समाजांतून परदेशी जाऊन राहिलेल्यांच्या मुलांतही हा फरक दिसला. अवजार सुटले, पण त्याने पाडलेली सवय मागे राहिली.

आपल्याकडे तर अनेक भागांत बाईने नांगराला हात लावू नये असा संकेतच होता. लावला तर पाऊस पडत नाही, असेही सांगत. ट्रॅक्टरला मात्र अंगबळ लागत नाही. पाय टेकवून क्लच दाबता आला आणि मागची सरळ रेघ पाहता आली की नांगरट होते. पटक्याच्या चित्रामागचे मूळ कारणच इथे संपते.

अवजारांच्या बाबतीत एक खरी अडचण आहे आणि ती अंगबळापेक्षा मापाची आहे. अवजाराची मूठ, उंची, वजन ही सारी बहुधा पुरुषाचे शरीर डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेली असतात. मूठ जाड असली की पकड ढिली पडते आणि तेच काम करायला जास्त जोर लागतो. भुवनेश्वर येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची शेतकरी स्त्रियांसाठी खास संस्था १९९६ पासून आहे. तिथे आणि परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी स्त्रियांच्या मापाच्या आणि सोयीच्या अवजारांवर काम झाले आहे. दातेरी 'वैभव' विळा तुम्ही पाहिला असेल. साध्या विळ्याला मनगटाचा हिसका द्यावा लागतो आणि धार पुन्हापुन्हा लावावी लागते. दातेरी विळा करवतीसारखा ओढून कापतो, त्यामुळे हिसका वाचतो. सोंगणीत दिवसाला हजारो वेळा होणारी ही हालचाल आहे. संध्याकाळी मनगटाला त्याचा फरक कळतो.

दुसरे कारण सांगतात ते असे की बायकांच्या शेतात पीक कमी येते. हे निरीक्षण काही ठिकाणी खरे आहे, पण ते समजून घेण्यासारखे आहे. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात एकाच कुटुंबात नवऱ्याचे वावर वेगळे आणि बायकोचे वेगळे असते. अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर उड्री यांनी तिथली माहिती तपासून १९९६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी एकाच घरातले, एकाच वर्षातले आणि एकाच पिकाचे तुकडे शेजारी ठेवून पाहिले. म्हणजे पाऊस तोच, गाव तेच, बियाणेही बहुधा तेच. प्रयोगशाळेत आपण इतर सर्व गोष्टी स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलतो, त्यातलाच हा प्रकार. बायकांच्या तुकड्यांत उत्पन्न खरोखरच कमी निघाले. पण कारण तिथेच होते. घरातले शेणखत जवळजवळ सगळे नवऱ्याच्या वावरात पडत होते आणि मजुरीचे हातही तिकडेच जास्त लागत होते.

यात गंमत अशी की नुकसान दोघांचेही होते. खताची पहिली गाडी पिकाला जेवढी लागू पडते तेवढी दहावी पडत नाही. नवऱ्याच्या वावरातली दहावी गाडी बायकोच्या वावरात पहिली म्हणून टाकली असती तर घराची रास वाढली असती. अशा वाटणीमुळे सुमारे ६ टक्के उत्पादन बुडते असा उड्री यांचा अंदाज होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेने २०११ साली साऱ्या विकसनशील देशांसाठी असाच हिशेब मांडला. खत, बियाणे, कर्ज, माहिती या गोष्टी पुरुषांइतक्याच मिळाल्या तर स्त्रियांच्या शेतांतले उत्पादन २० ते ३० टक्के वाढेल, असे त्या अहवालात म्हटले आहे.

आणि या गोष्टी मिळत का नाहीत, याचे आपल्याकडचे उत्तर एका कागदावर असते. तो कागद म्हणजे सातबारा. पीककर्ज, विमा, अनुदान, नुकसानभरपाई यांचा रस्ता बहुधा त्यावरील नावावरून जातो. खेड्यांत काम करणाऱ्या दर चार स्त्रियांपैकी सुमारे तीन शेतीत आहेत. पण २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील शेती कसणाऱ्या खातेदारांत स्त्रिया फक्त १४ टक्क्यांच्या आसपास होत्या.

महाराष्ट्रात या प्रश्नाला हात घातला गेला तो बराच आधी. शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवले. पुढे काही वर्षांत शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. नवऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग राजीखुशीने बायकोच्या नावे करून द्यायचा, आणि ज्या गावात अशी शंभर कुटुंबे निघतील त्या गावी जोशी स्वतः जायचे, अशी ती योजना होती. सोयगावच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातले विटनेर हे या मोहिमेतले गाजलेले गाव. कायद्याच्या बाजूने पाहिले तर महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांप्रमाणे जन्मतः हक्क दिला. २००५ साली हा बदल सबंध देशाला लागू झाला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयीच्या शंका दूर केल्या. तरी व्यवहारात 'हक्कसोड' नावाचा आणखी एक कागद असतोच. भाऊ साडीचोळी करतो आणि बहीण त्यावर सही करते. माहेर तुटू नये म्हणून ही सही होते, हे समजण्यासारखे आहे. पण सही करणारीला आपण काय सोडतो आहोत, हे आधी कोणी आकड्यांत सांगितलेले नसते.

दक्षिण मराठवाड्यात या बाबतीत एक प्रयोग झाला. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून प्रेमा गोपालन यांची 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था उभी राहिली. २०१२ नंतरच्या दुष्काळी वर्षांत तिने लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) भागातील बायकांना एक साधी गोष्ट सुचवली. सबंध शेत मागू नका, घरच्यांकडून एक एकर मागून घ्या, अन् त्यात काय पेरायचे ते तुम्ही ठरवा. त्या एकरात ज्वारी, बाजरी, कडधान्ये आणि भाजीपाला अशी पुष्कळ पिके मिसळून घेतली गेली. पाऊस दगा देतो तेव्हा सगळी पिके एकाच दिवशी एकाच अवस्थेत नसतात. एकाला फुलोऱ्यात ताण बसला तरी दुसरे तगून राहते. ऊस किंवा सोयाबीनच्या सलग शेतात ही सोय नसते. या कामाला २०१७ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला यात सर्वांत शहाणपणाचे वाटते ते एकर मागणे. एक एकर देताना घर घाबरत नाही, आणि वर्षभराने त्या एकरातले धान्य घरातच दिसते.

सोयगावच्या मक्यात एका किड्याने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने उभा केला. अमेरिका खंडातून आलेली लष्करी अळी २०१८ साली भारतात पहिल्यांदा, कर्नाटकात, आढळली आणि लवकरच महाराष्ट्रातही पसरली. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी खूण असते आणि शेपटाकडच्या बाजूला चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. लहान अळी पानाचा वरचा हिरवा थर खरवडते. त्यामुळे पानावर कागदी खिडकीसारखे पांढुरके चट्टे दिसतात. या वेळी निंबोळी अर्कासारख्या उपायानेही तिला आवरता येते. थोड्या दिवसांनी ती पोंग्यात शिरते आणि भुशासारख्या विष्ठेने दार बंद करून घेते. मग फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे सारा खेळ पहिल्या पांढऱ्या चट्ट्यांचा आहे. ते चट्टे सर्वांत आधी कोणाच्या नजरेला पडतात? खुरपताना ज्यांचे डोळे पानांच्या पातळीवर असतात त्यांच्या. आणि अळीची माहिती देणाऱ्या बैठकीचे बोलावणे कोणाला जाते? ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याला. खबर एकीकडे आणि डोळे दुसरीकडे, अशी ही स्थिती. कृषी विभागाने स्त्रियांसाठी शेतीशाळा भरवायला सुरुवात केली आहे, ती म्हणूनच कीडनियंत्रणाचाच एक भाग मानली पाहिजे.

शेवटी बियाण्याविषयी. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांच्या घरी देशी वाणांची बँक आहे. भात, वाल, नाचणी, भाज्या अशा शेकडो वाणांचे बी त्यांनी जमवले आणि गावोगावच्या बायकांना दिले. बायफ या संस्थेने त्यांना साहाय्य केले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची रीत जुनीच आहे. उत्तम कणसे उभ्या पिकातच हेरून ठेवायची, बी कडक वाळवायचे, मडक्यात किंवा कणगीत राख घालून ठेवायचे. या राखेत विज्ञान आहे. धान्यातल्या किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो आणि त्यामुळे त्याच्या शरीरातले पाणी टिकते. राखेचे बारीक, खरखरीत कण हा थर खरवडतात, आणि किडा अक्षरशः सुकून मरतो. बी चांगले वाळलेले असले तर किड्याला तहान भागवायला दाण्यातही पाणी सापडत नाही.

असे साठवलेले बी उगवेल की नाही, हे पेरणीपूर्वी पाहण्याची रीत तुम्ही वर्गात करू शकाल. घरच्या ज्वारीतले न निवडता १०० दाणे मोजून घ्या. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळा, त्यावर दहा-दहाच्या ओळींत दाणे मांडा, गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. गोणपाट ओलसर राहील इतकेच पाणी शिंपडा. दहाव्या दिवशी मूळ आणि कोंब दोन्ही नीट आलेले दाणे मोजा. ज्वारीच्या प्रमाणित बियाण्यात किमान ७५ तरी उगवले पाहिजेत असा नियम आहे. समजा ६० उगवले, तर हेक्टरी १० किलोच्या जागी ७५ भागिले ६० या पटीत, म्हणजे साडेबारा किलो बी घ्यावे लागेल. ४० पेक्षा कमी उगवले तर ते बी दळायला द्या आणि दुसरे शोधा. एकाच गावातल्या पाच-सहा घरांचे बी असे पाहता आले तर वहीत प्रत्येक नमुन्यापुढे वाणाचे नाव, ते कशात साठवले होते, राख घातली होती की नाही, आणि बी कोणी निवडून ठेवले होते, हे चारही रकाने भरा.